शमुवेलराव पंच मंदिराबाहेर बसले त्याची हकीकत

देवबापाचें स्मरण करून, ऐकणारांचें कल्याण चिंतून, शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरीं, मार्गशीर्षांतल्या रविवारीं जें वर्तलें तें मीठमिरची न लावितां लिहिलें ऐसीजे.

कोणे एके राज्यीं ख्रिस्ती मंडळीचें तख्त पाळकसाहेब राखीत होते, आणि मंदिराचे दरवाजाची चौकी शमुवेलराव पंचांकडे होती. पंच मोठे करारी. उपासनेंत तान्हें रडलें कीं पंचांनीं काठी उचलून दरवाजा दाखवावा, आणि मायबाईनें मान खालीं घालून बाहेर जावें, ऐसा शिरस्ता. यांत आपण देवाची चाकरी करितों, हा पंचांस भारीच तोरा. मग होतां होतां कोवळीं लेंकरें दिसेनाशीं जाहलीं, आणि पाळकसाहेबांनीं फर्मान काढिलें जे, "महिन्याचे एके रविवारीं बालमेळा. पोरांनीं रांगावें, ओरडावें, कोणी हूं म्हणूं नये. मेळा राखावा कीं मोडावा, तें पंचांनीं पाहून सांगावें." पंच मनांत बोलिले, "हा बाजार एका दिवसांत उठवितों," आणि गुळगुळीत दाढी करून, काठी घेऊन स्वारी दाखल जाहली.

मग काय पुसावें! बाकें भिंतीस लागलीं, सतरंज्या पसरल्या, बिस्किटांची रसद आली आणि पोरांची फौज लोटली. कोपऱ्यांत पाळकसाहेबांची चिमुकली नात रिबका हातीं फूटपट्टी घेऊन, भुंवया चढवून उभी, आणि पुढें एक पोरगी बाहुली घेऊन बसली आणि "ट्यांहां" ओरडली, तों रिबकेनें पट्टी उचलून दरवाजा दाखविला, आणि पोरगी मान खालीं घालून चालती जाहली. मग दुसरी बसली, तिचीही तीच गत. पंचांस मौज वाटली. वांकून पुसते जाहले, "काय गं बाय, कसला खेळ?" "चर्च-चर्च." "मग गाणें केव्हां? प्रार्थना केव्हां?" "यात गाणं नसतं, आजोबा. बाहेर जायचं असतं." "आणि तूं कोण?" "मी तुम्ही." भोंवतालचे लोक खो खो हंसले, पंचही हंसावयास गेले, तों नजर हातींच्या काठीवर गेली. कानशिलें तापलीं, काठी लपवावी कोठें तें सुचेना, आणि धरणी पोटांत घेईल तर बरें ऐसें होऊन ते बाहेर पडले.

बाहेर पायरीवर सुवार्ताबाई लेकीस घेऊन बसली होती. ही गायनमंडळांतली गोड गळ्याची बाई. लेक तान्ही असतां पंचांनीं हिला दरवाजा दाखविला, तेव्हांपासून हिनें मंदिरांत पाय टाकिला नव्हता. आज मेळ्याचें ऐकून आली, परंतु आंत जावयाचा धीर होईना. पंच तिचे शेजारीं पायरीवरच बसले आणि हात जोडून बोलिले, "बाई, माझें चुकलें. देवाचे घरांतून तुला म्यां हांकून दिलें. लाज वाटते गं मला. आंत चल. पोर रडली तर खुशाल रडूं दे, कोण बोलतो तें मी बघतों."

सुवार्ताबाई म्हणाली, "काका, आता ती रडतच नाही. तुम्ही घालवलंत ना, मग घरच्या प्रार्थनेलासुद्धा मी तिचं तोंड दाबून धरायची." पंचांनीं खिशांतून बिस्किट काढून पुढें केलें. पोरीनें काठीकडे पाहिलें, आणि आपलाच हात आपल्या तोंडावर घट्ट ठेविला.

मेळा राखावा, ऐसें पंचांनीं त्याच दिवशीं सांगितलें. सुवार्ताबाई आंत आली नाहीं. राज्यांत गलबला पुन्हां सुरू जाहला, पंचांस मान वर करवेना. जाहलें तें इतकें.