अस्सल पर्यटक यादवराव

पर्यटनासाठी जाणारा माणूस पर्यटनासाठीच जात आहे, याची खात्री करून घेणे हे कोणत्याही देशाचे कर्तव्यच आहे. यादवराव तायड्यांची त्याबद्दल मुळीच तक्रार नव्हती. चौतीस वर्षं सरकारी बांधकामांवर अभियंता म्हणून काढलेल्या माणसाला अर्ज, जोडपत्रं आणि साक्षांकित प्रती यांचा राग येत नाही. उलट थोडी मायाच वाटते.

यादवराव आठ महिन्यांपासून ऑकलंडला, फ्लॅट बुश या उपनगरात मुलाकडे राहत होते. मुलगा प्रणय, सून नीला आणि नात आरुषी यांनी शाळेच्या सुट्टीत इटलीतल्या सिसिली बेटावर जायचं ठरवलं आणि बाबांनाही न्यायचं ठरवलं. तिघांचे पासपोर्ट न्यूझीलंडचे. त्यांना व्हिसा लागत नव्हता. सिसिली नकाशात कुठे आहे हेही त्यांना कोणी विचारणार नव्हतं, आणि ते बरंच होतं. यादवरावांचा पासपोर्ट मात्र भारताचा. त्यांना रीतसर मुलाखत होती.

सिसिलीत सिराकूझा नावाचं एक गाव आहे. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी एक देऊळ बांधलं. पुढे त्याचं चर्च झालं, मध्यंतरी मशीद झाली, पुन्हा चर्च झालं. मालक बदलत गेले, पण देवळाचे खांब भिंतीत तसेच राहिले आणि अजून उभे आहेत. यादवरावांनी एका तालुक्याच्या गावी बांधलेल्या विश्रामगृहाचा पोर्च फीत कापल्यानंतर नवव्या दिवशी खाली बसला होता. सिमेंट कुठे गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशी मात्र यादवरावांची झाली. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, की सिराकूझाच्या त्या खांबावर एकदा तळहात ठेवायचा. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे संपावर. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय उरली नव्हती.

व्हिसाचे अर्ज घेण्याचं काम मेडिपास नावाच्या खाजगी कंपनीकडे होतं. खिडकीमागे रणजित नावाचा तरुण अधिकारी बसला होता. मूळचा ऑकलंडजवळच्या पुकेकोहेचा; त्याच्या पणजोबांनी तिथे कांदे-बटाटे पिकवण्यात जन्म घालवला होता. "किया ओरा, अंकल," त्याने हसून माओरीत नमस्कार केला. पुढचं संभाषण इंग्रजीत झालं.

"प्रवासाचा उद्देश?"

"ऐतिहासिक वास्तू आणि सांस्कृतिक स्थळं पाहणं."

"छान. सगळे हेच लिहितात." रणजितने अर्जावर खूण केली. मग त्याची नजर यादवरावांच्या जोडपत्रावर गेली. सव्वीस पानं होती. त्यात खांबांचा घेर होता, हाताने काढलेले छेद होते, १६९३च्या भूकंपानंतर चर्चचा दर्शनी भाग कसा नव्याने उभारला याचं टिपण होतं. रणजितचा चेहरा उतरला.

"अंकल, हे सगळं तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे तुम्ही खरंच वास्तू पाहायला जाताय?"

"तसं लिहिलंय ना मी."

रणजितने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "गेल्या वर्षी या खिडकीवर नऊशे अर्ज आले. नऊशेच्या नऊशे वास्तू पाहायला चालले होते. एकालाही एका वास्तूचं नाव सांगता आलं नाही. यावरून कंपनीने अस्सल पर्यटकाची व्याख्या ठरवली आहे. तुम्ही त्यात बसत नाही. कोणी इतकी माहिती घेऊन जायला लागला, की आम्हाला शंका येते, याचा खरा हेतू काय असेल?"

त्याने शेरा लिहिला : 'अर्जदाराचे ज्ञान प्रवासाच्या उद्देशाशी विसंगत आढळते. फेरमुलाखत पंधरा दिवसांनी.'

घरी प्रणयने शेरा वाचून कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं एवढं लिहायला? आम्ही बघा, काहीच माहीत नाही, तरी चाललोय ना?"

"तुमचा पासपोर्ट चांगला आहे रे," यादवराव म्हणाले.

बाबांना अस्सल पर्यटक बनवण्याची जबाबदारी नीलाने आरुषीवर सोपवली. आरुषी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीतच येई. सराव घराच्या दारातच सुरू झाला, कारण फ्लॅट बुशमधल्या निम्म्या घरांच्या पोर्चला रोमन खांब आहेत. प्रणयच्या घरालाही दोन होते. यादवरावांनी पहिल्याच दिवशी ते टिचकी मारून पाहिले होते. आतून पोकळ.

"ओके आबा, व्हॉट डू यू सी?"

"खांब. पण याच्यावर भार काहीच नाही, नुसता—"

"नो! टर्न अराउंड. यू डोंट लुक ॲट इट, यू स्टँड इन फ्रंट ऑफ इट."

यादवराव खांबाकडे पाठ करून उभे राहिले. आरुषीने चार फोटो काढले. मग पुढचा धडा : जेवणाबद्दल आधी बोलायचं, उन्हाबद्दल मग, आणि वास्तूबद्दल कोणी विचारलंच तर 'हीप्स नाइस', म्हणजे लय भारी, एवढंच म्हणून गप्प बसायचं. पहिले चार दिवस यादवरावांच्या तोंडून घेर आणि छेद निसटत राहिले. दहाव्या दिवशी ते सराईतपणे म्हणू लागले, "इटलीत पिझ्झा स्वस्त असतो म्हणे." नीलाला भरून आलं. "बाबा, आता अगदी आपल्यातले वाटता."

फेरमुलाखतीत रणजितने त्यांच्यासमोर एक छायाचित्र सरकवलं. सिराकूझाचाच खांब होता. खाली लिहिलं होतं : 'विजेचा जुना खांब, १९५०.'

"याबद्दल काही सांगाल?"

यादवरावांनी ती ओळ दोनदा वाचली. चौतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ खोट्या कागदांवर सह्या होताना पाहिल्या होत्या, स्वतः मात्र एकही केली नव्हती. पण हात त्या खांबावर ठेवायचा होता. त्यांनी डोळे मिटले.

"हीप्स नाइस," ते म्हणाले. "याच्या जवळपास जिलाटो आइस्क्रीम कुठे मिळतं?"

"स्वीट ॲज!" रणजितने आनंदाने मंजुरीचा शिक्का मारला आणि पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "अंकल, एक खाजगी प्रश्न. सिराकूझाला मी दोनदा जाऊन आलोय. हा खांब नक्की आहे कुठे?"

पंधरा दिवस तुंबलेलं धरण फुटलं. यादवरावांनी देऊळ सांगितलं, चर्च सांगितलं, मशीद सांगितली, दगडावर दगड कसा बसवला ते टेबलावरच्या शिक्क्यांच्या डब्या रचून दाखवलं. मागच्या रांगेतले अकरा अर्जदार पुढे सरकले. कोणी तरी विचारलं, "मग भूकंपात ते पडले कसे नाहीत?" वीस मिनिटं कोणी फोनकडे पाहिलं नाही.

एकविसाव्या मिनिटाला रणजित भानावर आला. त्याने नियमावली उघडली आणि जड मनाने अकराही अर्जांवर शेरा लिहिला : 'अर्जदारास ज्ञान झाले आहे.' स्वतःचाही सिसिलीच्या रजेचा अर्ज त्याने मागे घेतला. यादवरावांचं काही करता येत नव्हतं. मारलेला शिक्का परत घेण्याची तरतूद नव्हती.

यादवराव सिराकूझाला गेले. बाकीचे बाहेर जिलाटो खात असताना ते चाळीस मिनिटं त्या खांबावर हात ठेवून उभे होते, आणि त्यांना रडू आलं.

आता प्रश्न तुमचा आहे. तुम्हीही हे सगळं वाचलंत, म्हणजे नियमाप्रमाणे अपात्र ठरलात. मात्र घाबरू नका. त्या अकरा जणांना पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा त्यांच्यापैकी एकालाही काही आठवत नव्हतं. सगळ्यांना व्हिसा मिळाला. त्यासाठी त्यांना वेगळा सराव करावा लागला नाही. तुम्हालाही लागणार नाही.