उलटा शेठ आणि सखूबाईंची भांडी

सखूबाईंचा पितळी डबा गोदूबाईच्या घरी येऊन दोन दिवस झाले, तरी तो काय भरून परत पाठवायचा हे ठरत नव्हते. सोयरिकीचे बोलणे निघाले की मुलाची आई लाडवांचा डबा पाठवते आणि मुलीची आई तो घासूनपुसून, आपल्या घरचे काहीतरी घालून परत करते. भरला डबा गेला म्हणजे होकार, रिकामा गेला म्हणजे नकार. हर्णे बंदरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

गोदूबाईला होकारच द्यायचा होता. तिच्या भावकीतल्या साऱ्या मुली लग्न करून मुंबईच्या आगबोटीत बसल्या आणि वर्षाकाठी एकदा शिमग्याला तोंड दाखवू लागल्या. चिमा तिची एकुलती एक. सखूबाईंचा रावजी मात्र खाडीपलीकडे आंजर्ल्याला, बापाच्या होडीवर होता. लेक डोळ्यांसमोर राहील असे दुसरे स्थळ शोधून सापडले नसते. म्हणूनच तिचा हात चालेना. वाळवलेले सोडे घालावेत तर ते थोडे वाटत, सुरमई घालावी तर ती वाटेत वास मारील असे वाटे. शेवटी ती महिपतकडे गेली.

महिपतने उमेदीची वर्षे विलायती आगबोटीच्या पोटात कोळसा ओढण्यात घालवली होती. तिथल्या कुणा मडमेने बक्षीस दिलेला चित्रांच्या पत्त्यांचा जोड तो तंबाखूच्या डबीत ठेवी. ‘हे खेळायचे पत्ते नव्हेत, टॅरो म्हणतात याला,’ असे तो ज्याला त्याला बजावी आणि एका पानविड्यावर भविष्य सांगे.

त्याने एक पत्ता काढून दोघांच्या मधे ठेवला. झगा घातलेला एक शेठ एका हातात तराजू धरून उभा होता आणि गुडघे टेकलेल्या दोन भिकाऱ्यांपुढे नाणी टाकत होता. महिपतने जीभ चावली.

“शेठ उलटा पडलाय गो, गोदू.”

“मग?”

“देणारा डोक्यावर आला. दिलंस की बुडालीस.”

“आणि कुणी दिलं तर?”

“घेणारे बग कसे वर गेलेत! येईल ता मुकाट घे. पन तुज्या घरातून काय जायाला नको.”

गोदूबाई डोके धरून घरी आली. भरला डबा द्यायचा नाही म्हटले तर रिकामा देणे आले, आणि रिकामा दिला तर सोयरीक मोडली. तेव्हा डबाच द्यायचा नाही, शेठ सरळ होईपर्यंत तो फळीवर ठेवायचा, असे तिने ठरवले. तिला स्वतःच्या अकलेचे कौतुकही वाटले.

दुसऱ्या दिवशी रावजी दारात उभा. हातात तपेली, तपेलीत वाफाळता भात.

“आयनं पाठवलाय, मावशी.”

येईल ते मुकाट घ्यायचे होते. गोदूबाईने तपेली घेतली.

“भांडी उद्या देते हां, बाबा.”

“चालंल, मावशी. मी उद्या येतो ना.” रावजीने मान्य केले आणि चिमाने आणलेले पाणी तो इतक्या सावकाश प्याला की खाडीवरची होडी चुकली.

मग त्याचे येणे नेमाचे झाले. एकदा कढईतून अर्धवट शिजलेले पिठले आले. एकदा परातीत मळलेले पीठ आले, त्यावर अजून बोटे उठलेली. त्यानंतर आले मिठाचे अख्खे मडके. गोदूबाईला पिठल्याचा अर्थ लागला नाही, पण मीठ म्हणजे नाते मुरणार, असे तिने आपल्या मनाने लावून घेतले. मुलाकडचे लोक एवढा मान देतात म्हणून तिला भरून येई, आणि आपण काहीच देत नाही म्हणून तोंडचा घास कडू होई.

“आये, देऊन टाक की एकदाची भांडी,” चिमा म्हणे.

“शेठ उलटा हाय. तुला नाय कळायचं.”

एका सकाळी स्वतः सखूबाईच आल्या. मागे रावजी, मान खाली घालून. सखूबाईंनी आत पाऊल टाकले, फळीकडे पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

“ही माजी तपेली! ही कढई! आन् मी घरात चोर शोधतेय!”

“चोर कसला? तुमीच पाठवलीत, सखूबाय.”

“मी? मी लाडवांचा डबा पाठवला. तो परत येईना, तवा म्हटलं, यांना आमचं घर नको असंल. रावजीला म्हटलं, जा, डबा आन. रिकामा तर रिकामा. इषय संपला.”

 सोयरीक कधीच मोडली होती आणि गोदूबाई मात्र रोज तपेलीकडे बघून लग्नातली गाणी गुणगुणत होती.

“मग तू काय केलंस रं?” सखूबाई लेकाकडे वळल्या.

“डबा मागितला आन् मावशींनी रिकामाच दिला तर?” रावजी पुटपुटला. “म्हनून चुलीपाशी असंल ता उचललं. म्हटलं, भरलं भांडं बगून यांना डबा भरायची आठवन होईल.”

“आन् मला रोज सांगायचास, उद्या देनार हायत!”

“त्या पन तसंच म्हनायच्या ना.”

आता सारे खापर महिपतवर फुटणार होते. उलट्या शेठची हकीकत सांगत गोदूबाईने सगळ्यांना त्याच्या ओटीवर नेले. त्याने तोच पत्ता काढला, त्या दिवसासारखाच मधे ठेवला आणि ठामपणे बोट टेकवले.

“ह्यो बगा. उलटा का नाय?”

त्याच्यासमोर बसलेल्या सखूबाईंनी वाकून पाहिले. “उलटा कुटं? सरळ तर उभा हाय.”

“तुमी तिकडं बसलाव म्हनून!”

“अरे, मग त्या दिवशी मी पन हितंच बसले होते!” गोदूबाई ओरडली.

महिपतने पत्त्याकडे पाहिले, गोदूबाईकडे पाहिले, मग उठून तिच्या बाजूला जाऊन पाहिले. शेठ ताठ उभा राहून दान करत होता.

“आयला,” तो म्हणाला, “कुनाच्या बाजूनं बगायचा, ता मडमेनं सांगितलंच नाय.”

गोदूबाईने पदर खोचला. “शेठ उलटा असो नायतर आडवा, सखूबाय, मला माजी पोर तुमच्याच दारात हवी.”   सखूबाईंनी तिचा हात धरला आणि दोघी घरी आल्या.

गोदूबाईने पावसाळ्यासाठी राखलेले सोडे, सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा सगळे काढले. डबा भरला, कढई भरली, परात भरली, मडकेही भरले. तपेलीपर्यंत आली तेव्हा घरात काही उरले नव्हते. रिकामी तपेली हातात घेऊन ती कावरीबावरी उभी राहिली.

“ती ऱ्हाऊ दे,” सखूबाई म्हणाल्या. “चिमा आमच्याकडं येईल तवा घेऊन येईल. पोर आली म्हंजे ती भरल्यासारखीच.”

गोदूबाईने डोळे पुसले. रावजीचा चेहरा मात्र पडला. सोयरीक जमली हे खरे, पण आता लग्नापर्यंत खाडी ओलांडायला निमित्त उरले नव्हते.

पडल्या चेहऱ्याने तो होडीत बसला, घरी गेला आणि भांडी उतरवू लागला. कढईतल्या बांगड्यांखाली त्याला एक पितळी वाटी सापडली. त्यांच्या घरची नव्हती. तळाशी नाव कोरले होते, चिमा.

“आये,” त्याने लगेच हाक मारली, “यांची वाटी आलीय चुकून. मोकळी कशी द्यायची? काय घालू?”