अंशतः खरे आहे

वसंतराव पांढरीपांडे यांच्या उत्तरावर एकतीस वर्षांत एकही उपप्रश्न आला नव्हता, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगत. प्रताप नगरातल्या भाजीवालीलासुद्धा ती पाठ होती.

आरोग्य खात्याच्या एका विभागीय कार्यालयात ते अधीक्षक होते. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की आमदारांचे प्रश्न त्यांच्या टेबलावर येत आणि तिथूनच उत्तरं होऊन परत जात. सरकारी प्रश्नाची एक ठरलेली घडण असते. अमुक हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने काय केले? नसल्यास, विलंबाची कारणे काय? पांढरीपांड्यांकडे याला तीन उत्तरं होती: हे खरे नाही, हे अंशतः खरे आहे, आणि प्रश्न उद्भवत नाही. या तिन्हींना ते असे काही जोडत की वाचणाऱ्याला आपण विचारलं काय होतं तेच आठवेनासं व्हावं.

पुढच्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. शाल ठरली होती, नारळ आला होता, आणि भाषणात 'उपप्रश्न' हा शब्द कुठे आणायचा हेही ठरलं होतं. अशात दिल्लीहून संसदेच्या एका समितीची प्रश्नावली आली. राज्याराज्यांतल्या आरोग्याच्या नियमांची ही समिती पाहणी करत होती. मंगळवारी नागपूर, गुरुवारी शेजारच्या राज्याची राजधानी, असा तिचा दौरा होता.

"तेवढं तुम्ही उडवून द्या," उपसंचालक साहेब म्हणाले.

"साहेब, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल," पांढरीपांडे म्हणाले आणि बाह्या सरसावून बसले.

तेरा प्रश्न त्यांनी चहा गार व्हायच्या आत संपवले. चौदाव्यावर मात्र पेन अडलं. 'सीमेलगतच्या रुग्णांसाठी दोन राज्यांचे नियम परस्परविरोधी का आहेत?' असा तो प्रश्न होता. त्यात 'खरे आहे काय' नाही, 'असल्यास' नाही, 'नसल्यास' नाही. नुसतं 'का'. त्यांनी 'हे अंशतः खरे आहे' लिहून पाहिलं, जमेना. 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिलं, तर संसदेला वेड्यात काढल्यासारखं वाटलं. 'होय, कारण आहे' असंही एकदा लिहिलं आणि लगेच खोडलं.

तेवढ्यात दारात सिंधूताई उभी राहिली. ही बाई सीमेपलीकडच्या गावची. तिचा नवरा मारोतराव संत्र्याच्या झाडावरून पडला तेव्हापासून खुब्याने अधू झाला होता आणि जरीपटका वस्तीत भाचीकडे खाटेवर पडून होता. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात सांधा बदलायचा नंबर लागला होता, तोही पांढरीपांड्यांच्या निवृत्तीनंतरच्या सोमवारचा. त्याआधी शनिवारपर्यंत कागद नाही दिला तर नंबर दुसऱ्याला जाणार आणि मारोतरावांची पाळी पुन्हा पावसाळ्यानंतर. कार्ड पलीकडच्या राज्याचं, म्हणून त्या राज्याचं संमतीपत्र आणा, असं पांढरीपांडे तिला दर खेपेला सांगत. ही अकरावी खेप होती.

"साहेब, तुमी म्हन्ता चिठ्ठी आना. तिकडचे म्हन्ते चिठ्ठी कोनी देतच नाई. मंग मी आनू कुठून?"

"बाई, नियम आहे तो."

"असन ना. पन काहून आहे?"

पांढरीपांड्यांनी चष्मा काढला. संसद आणि सिंधूताई एकाच दिवशी एकच गोष्ट विचारतात म्हणजे काय! बरं, उत्तर त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, खरंच, का बरं असेल?

ही खाज एकदा सुटली की माणसाला बसू देत नाही. रात्री जेवताना त्यांनी वरणात लिंबू दोनदा पिळलं.

"अहो, काय विचार करून राहिले?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"नियम का आहे, ते शोधतोय."

"आता? शुक्रवारी रिटायर होणारा माणूस?" त्या हसायला लागल्या. "बाकी इतकी वर्षं वाटलं नाही का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पलीकडच्या राज्यातल्या आरोग्य कार्यालयात फोन लावला. तिथले बडे बाबू ताराचंदजी म्हणजे पांढरीपांड्यांचाच दुसरा अवतार. वीस वर्षं दोघांचा पत्रव्यवहार होता, तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"ताराचंदजी, तुमच्याकडे संमतीपत्र देत नाहीत. का देत नाहीत?"

ताराचंदजी जपून म्हणाले, "क्यों पूछ रहे हो? कुछ हुआ क्या?"

"काही झालं नाही. फक्त समजून घ्यायचंय."

हे ऐकून ताराचंदजी आणखीच घाबरले. समजून घेण्यासाठी सरकारी कार्यालयात कोणी फोन करत नाही. त्यांनी तासाभरात चारदा उलटा फोन केला, चौकशी कोणावर बसली आहे ते खोदून विचारलं, आणि शेवटी स्वतःवरचा संशय टाळायला आपल्या नियमाची मूळ फाइलच उघडली.

"पांढरीपांडेजी, ये तो आपही का किया हुआ है," ते विजयी सुरात म्हणाले. "महाराष्ट्र की विधानसभा का उत्तर लगा है. उसी के आधार पे हमने नियम बनाया. फोटो भेजता हूँ."

फोटो आला. कागद बावीस वर्षांपूर्वीचा, हिवाळी अधिवेशनातला. एका आमदाराने विचारलं होतं: शेजारच्या राज्यातील रुग्णांना नागपुरात उपचारासाठी त्या राज्याचे संमतीपत्र लागते, हे खरे आहे काय? असल्यास, ते कोण देते? खाली उत्तर होतं: (१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रश्न उद्भवत नाही.

कोपऱ्यातली बारीक सही पांढरीपांड्यांनी लगेच ओळखली. रोज आरशात दिसणारं तोंड ओळखायला वेळ लागतो थोडाच.

आणि त्यांना ती संध्याकाळ आठवली. पावणेसहा वाजले होते, विधानभवनाकडे जाणारी गाडी खाली हॉर्न वाजवत होती, आणि संमतीपत्र लागतं की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. असा काही नियम त्या दिवसापर्यंत नव्हताच. पण नाही म्हणावं तर कुठे असला तर? म्हणून त्यांनी अंशतः लिहून टाकलं आणि गाडी सुटली.

आता फाइली उघडल्यावर पुढचं सगळं लख्ख दिसलं. 'अंशतः खरे आहे' यावरून इकडच्या राज्याने ठरवलं की संमतीपत्र लागतं. 'प्रश्न उद्भवत नाही' यावरून तिकडच्या राज्याने ठरवलं की ते कोणी द्यायचं नाही. एका माणसाच्या दीड ओळीची दोन राज्यांनी वाटणी करून घेतली होती, आणि मधल्या जागेत बावीस वर्षं माणसं चकरा मारत होती. अकरा खेपा घालणारी बाई पांढरीपांड्यांना पहिल्यांदाच नीट दिसली, आणि स्वतःची शरम वाटली.

"हे बाहेर काढू नका," उपसंचालक साहेब कागद पाहून म्हणाले. "एक आठवडा राहिला तुमचा. चौदाव्याला लिहा, माहिती संकलित करण्यात येत आहे."

साहेबांचा सल्ला सोन्यासारखा होता. पांढरीपांड्यांनी तसं लिहिलंही.

मंगळवारी विश्रामगृहाच्या सभागृहात समिती बसली. अध्यक्षबाई कुठल्या तरी दूरच्या मतदारसंघाच्या, बुटक्या, हसऱ्या आणि भयंकर चौकस. त्यांनी आधी संत्र्याची बर्फी कशी करतात ते विचारलं, मग खिडकीतल्या झाडाचं नाव विचारलं, आणि त्याच सुरात चौदाव्या प्रश्नावर आल्या.

"माहिती संकलित होते आहे म्हणता. कुठवर आली?"

उपसंचालक साहेबांनी पांढरीपांड्यांकडे पाहिलं. हा उपप्रश्न होता. एकतीस वर्षांतला पहिला, आणि तोही थेट संसदेचा.

पांढरीपांडे उठले. गोल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सोमवारचा नंबर डोळ्यांपुढे आला.

"मॅडम, माहिती पूर्ण संकलित झालेली आहे," ते म्हणाले. "नियमाला कारण नाही. आहे ते फक्त माझं बावीस वर्षांपूर्वीचं एक उत्तर." आणि गाडीच्या हॉर्नपासून सगळं सांगून टाकलं. साहेबांनी टेबलाखालून त्यांचा बूट तीनदा दाबला, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

अध्यक्षबाई गालावर हात ठेवून ऐकत होत्या. "मोठं नवल आहे! बरं, मग आज विचारते. हे पत्र कोणी द्यायला पाहिजे?"

"मला माहीत नाही."

"तुमच्या साहेबांना?"

"त्यांनाही माहीत नाही."

लघुलेखकाने मान वर करून खात्री करून घेतली आणि तेवढं जसंच्या तसं उतरवलं. पांढरीपांडे घामाघूम होऊन खाली बसले. शाल गेली, नारळ गेला, पेन्शनच्या कागदाला आता कुठे कुठे टाचणी लागते देव जाणे, असं त्यांच्या मनात आलं.

गुरुवारी समिती पलीकडच्या राजधानीत पोचायची होती. बुधवारी दुपारीच ताराचंदजींचा फोन आला.

"भाईसाहब, आपने ये क्या कह दिया? कल यही हमसे पूछेंगे. यहाँ खड़ा होने को कोई तैयार नहीं."

"मग?"

"मग काय," ताराचंदजी घाबरून अर्ध्यामुर्ध्या मराठीत आले. "ऑर्डर निकाल दिया. महाराष्ट्रानं संसदेसमोर कहा है, पत्र कौन देगा मालूम नहीं. जो देनेवाला मालूम नहीं, वो पत्र भी नहीं. आमच्या रुग्णाला नागपूरला जायला आमचं पत्र लागणार नाही."

तो आदेश नागपुरात पोचला तेव्हा उपसंचालक साहेबांनी त्याची प्रत पाहिली, थोडा वेळ छताकडे पाहिलं, आणि शेजारच्या राज्याचं धोरण विचारात घेऊन इकडची संमतीपत्राची अटही काढून टाकली. खाली सहीला पांढरीपांडेच होते. बावीस वर्षं न हललेली गोष्ट दोन दिवसांत हलली, ती कोणालाच काही माहीत नाही या एका बळावर.

शुक्रवारी निरोपाचा कार्यक्रम सुरळीत पार पडला. शाल मिळाली. भाषणातला उपप्रश्नाचा भाग पांढरीपांड्यांनी गाळला. हार गळ्यात घेऊन ते बाहेर आले तर व्हरांड्यात सिंधूताई बसलेली. त्यांनी तिच्या हातात शिक्क्याचा कागद ठेवला. सोमवारी मारोतरावांना थेट दाखल करायचं, चिठ्ठी लागणार नाही, असं समजावून सांगितलं, आणि हे कसं घडलं तेही सांगितलं. संसद, अध्यक्षबाई, मला माहीत नाही, सगळं. थोडं तिखटमीठ लावूनच सांगितलं, कारण आता ती पाया पडेल आणि आपण तिला मधेच थांबवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

सिंधूताईने कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत नीट ठेवली.

"लय उपकार झाले साहेब," ती म्हणाली. मग जाता जाता वळली. "पन तुमाले माहीत नाई, हे मले पहिल्याच दिवशी सांगतलं असतं, तं मी दुसऱ्या कोनाले इचारलं असतं ना."