सिद्रामप्पा आणि बिजलीसिंगाचं घोडं

आमचे शेजारी सिद्रामप्पा टीव्ही पाहताना उजवा हात वर धरून बसतात. बातम्यांना नाही, क्रिकेटलाही नाही. आवडीचं काही लागलं की हात आपोआप वर जातो. नव्या पाहुण्यांना वाटतं, यांना काही विचारायचंय.

खोड लहानपणची. गल्लीत एकच टीव्ही, तोही यांच्या घरी. रविवारी सकाळी ‘बहाद्दर बिजलीसिंग’ लागला की सिद्रामप्पा अँटिना धरायला पत्र्यावर. हात सुटला की पडद्यावर मुंग्या. खाली सगळी गल्ली बिजलीसिंग बघायची आणि यांची थोरली बहीण, अक्का, खिडकीत उभी राहून काय चाललंय ते वर ओरडून सांगायची. थोडक्यात, ज्या मालिकेचे ते सोलापुरातले सर्वांत मोठे जाणकार, तिचा एकही भाग त्यांनी पाहिलेला नाही.

हे त्यांना तोंडावर सांगायची सोय नाही. “मी धरला म्हणून दिसला की लोकास्नी,” म्हणतात.

यंदा बिजलीसिंग नव्या नटांना घेऊन नव्याने आला. सिद्रामप्पा अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यात मुकादम. जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे टीव्हीचा आवाज असा की आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात तलवारी ऐकू येत. शेवटी मी त्यांच्याकडेच जाऊन बसू लागलो. ते आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, सोफा सोडून जमिनीवर बसलेले असत. हात अर्थात वर.

“टापा अशा न्हवत्या, मास्तर. ह्यो दुष्ट राजा हसतोय का खोकतोय? ओरिजनल ते ओरिजनल.”

चौथ्या रविवारी बिजलीसिंगाचं घोडं दरीत कोसळून मेलं. सिद्रामप्पांचा हात खाली आला.

“हे न्हाय चालत. ओरिजनलमधी घोडं मेलं न्हवतं. नदी पोहून आलं, हरभरा खाल्ला.”

मी जुना भाग लहानपणी आमच्या गावी पाहिला होता. घोडं मेलं होतं, आणि मी दोन दिवस जेवलो नव्हतो. तसं सांगितलं तर त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. कारखान्यातही वाद घातले. शेवटी मला बोलावून, माझ्यासमोर मंगळवेढ्याला अक्काला फोन लावला, स्पीकरवर.

“मेलं व्हतं की रे,” अक्का म्हणाली. “तू वल्या पत्र्यावर हुबा. खरं सांगितलं असतं तर रडत खाली पडला असतास. म्हनून म्हनलं, हरभरा खातंय.”

“आन् पोरांतलं कुनीच कसं बोललं न्हाय?”

“दम दिलता समद्यांना. ह्याला सांगाल तर टीव्ही बंद.”

“मग त्याच्या फुडं घोड्याचं जे जे झालं ते?”

“मीच रचायची की. दर आयतवारी.”

सिद्रामप्पांनी फोन ठेवला. मला वाईट वाटलं. उगाच जिंकलो असं झालं.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरातून तलवारी ऐकू येईनात. काळजीने गेलो. टीव्ही बंद होता. सिद्रामप्पा जमिनीवर डोळे मिटून बसलेले, मोबाइल समोर, स्पीकर चालू. मंगळवेढ्यात अक्का मालिका बघत होती आणि इकडे सांगत होती. उजवा हात वर होता.

मला त्यांचा हेवा वाटला. माझं घोडं लहानपणीच मेलं होतं. मी हळूच शेजारी बसलो.

“अक्का, घोडं कुटं हाय?” सिद्रामप्पांनी विचारलं.

“दम काढ की. हरभरा खातंय.”