तेवीस किलोंची सर्वसहमती

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला तेवीस किलोंची एक बॅग आणि हातात एक पिशवी नेता येते, असा विमान कंपनीचा नियम आहे. हा नियम करताना कंपनीनं आमच्या गावाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पुढचा सगळा घोळ टळला असता, एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

गोंडपिपरीहून निघालेली एस.टी. जंगलात जिथं तोंड फिरवून परत जाते, ते आमचं गाव. मोबाइलला रेंज फक्त हातपंपाच्या ओट्यावर येते, तीही उभं राहिलं तर. पण एका बाबतीत आमचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. आमच्या ग्रामसभेचा प्रत्येक निर्णय सर्वसहमतीनं होतो. हात वर करणं नाही, मतदान नाही. एका माणसाची जरी हरकत असली तरी ठराव होत नाही, मग तो माणूस झोपेतून उठून आलेला का असेना. बांबू कधी तोडायचा, मोहफूल कोणाला विकायचं, बकऱ्या कुठं चारायच्या, सगळं असंच ठरतं. आणि एकदा ठरलं की ते मोडायला कोणाची माय व्यालेली नाही. या ग्रामसभेचा सचिव मी आहे. मी स्वभावानं निःपक्षपाती आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

तर आमच्या गावचे निवृत्त वनपाल गुणवंतराव यांची मुलगी मयुरी. चंद्रपुरात नर्सिंग केलं, मग जर्मन भाषा शिकली, आणि तिला जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. एप्रिल संपायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार, असं पत्रात स्पष्ट होतं. पोरीनं या नोकरीसाठी जीव टाकला होता. झोपेतसुद्धा तिकडलं बडबडते, असं तिची आई चंदाबाई कौतुकानं सांगायची.

घोटाळा चंदाबाईनंच केला. हातपंपावर पाणी भरता भरता तिनं शेजारच्या नीलाबाईला विचारलं, "पोरीच्या बॅगेत काय काय द्यावं वं बाई?" आमच्या गावात प्रश्न तोंडातून सुटला की तो सार्वजनिक मालमत्ता होतो. त्याच संध्याकाळी ग्रामसभा बसली. विषय क्रमांक एक, मयुरीची बॅग. दुसरा विषय नव्हता.

गुणवंतरावांनी तत्त्व मांडलं. जन्म वनखात्यात गेलेला माणूस. सागाच्या लाकडावर छाप मारायचा हातोडा त्यांनी निवृत्तीच्या दिवशी जमा केला, पण मनगटातली सवय जमा झाली नव्हती. मंजूर झालेल्या प्रत्येक पुडक्यावर गेरूचा ठप्पा मारायचा, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

"जे तिकडं भेटते ते न्याचं नाई," ते म्हणाले. "जे तिकडं भेटत नाई तेच न्याचं. सीधी गोष्ट हाय."

इतकं शहाणपणाचं वाक्य आमच्या सभेत फार दिवसांनी ऐकायला मिळालं. तत्त्व सर्वसहमतीनं मंजूर झालं. मग मयुरीनं नागपूरहून आणलेला जाड काळा कोट सभेपुढे ठेवला.

"तिकडं थंडी पडते?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बर्फ पडते, बाबा."

"मंग कोट तिकडंच भेटन ना. जिथी बर्फ पडते तिथी कोट नाई भेटन, त का गोंडपिपरीत भेटन?"

सभेनं माना डोलावल्या. कोट नामंजूर. त्याच न्यायानं बूट नामंजूर, मोजे नामंजूर. जर्मन भाषेची पुस्तकं पुढे आली तेव्हा गोंडटोल्याचे दसरूभाऊ म्हणाले, "जर्मनीत जर्मन पुस्तक न्याचं म्हणजे जंगलात लाकडं नेऊन विकणं होय." पुस्तकं नामंजूर. नर्सिंगची प्रमाणपत्रंही अडकली. "तू नर्स हायस हे त्यायले मालूम नाई का? त्यायनंच त बोलावलं," असा बिनतोड सवाल आला. ती प्रमाणपत्रं हातातल्या पिशवीत गेली म्हणून वाचली, कारण पिशवी विषयपत्रिकेवर नव्हती.

"अवो, पण घालू काय तिकडं?" मयुरीनं विचारलं.

"जे तिकडचे लोक घालतेत ते," नीलाबाई म्हणाली. "नागडे थोडीच फिरत असन."

अशा रीतीनं बॅग पूर्ण रिकामी झाली आणि सभा खुशीत आली. आता जे तिकडं मिळत नाही ते. इथं माझ्या लक्षात आलं की जे तिकडं मिळत नाही त्याला अंत नाही. चंदाबाईनं जवसाची चटणी आणि लाखोळीची डाळ आणली. तिकडचा भात कसा असतो कोणाला मालूम, म्हणून तांदूळ आणला. दसरूभाऊंनी चारोळी दिली, वाळवलेले वास्ते दिले. बांबूचे कोंब खाल्ल्याशिवाय माणूस पावसाळा कसा काढतो हे त्यांना कळेना. नीलाबाईनं नुकतंच वेचून वाळवलेलं मोहफूल दिलं आणि बजावलं, "खोकला झाला त तिकडच्यायलेबी देजो. दवाखान्यातच त हायस." मोहफूल हे वनोपज असल्यामुळे त्याला वाहतूक परवाना लागेल का, असा मुद्दा गुणवंतरावांनी काढला. जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत आपण पाहू, पुढे जर्मनीचं वनखातं पाहील, असं ठरलं.

मीही एक बरणी दिली. माझा भाचा अश्विन इटलीत असतो. जर्मनी आणि इटली यांच्यात किती अंतर आहे मला ठाऊक नाही, पण नकाशावर ते गोंडपिपरी-भद्रावतीपेक्षा जास्त दिसत नाही. लोणचं होतं. छोटीशीच बरणी, दोन्ही हातांत मावेल एवढी.

मग कोणीतरी म्हणालं, चटणी संपली की पोरगी काय करेल? मिक्सरमधल्या चटणीला चव नसते, हे सर्वमान्य आहे. पाटा-वरवंटा पाहिजे. पाट्याचं वजन पाहून सभा थोडी गंभीर झाली. अखेर तडजोड निघाली, की फक्त वरवंटा न्यावा. "पाटा कायले पाह्यजे?" दसरूभाऊ म्हणाले. "दगड तिकडंबी असतेच." वरवंट्यावर गेरूचा ठप्पा बसला.

दुसऱ्या दिवशी बॅग राशन दुकानाच्या काट्यावर ठेवली तर वजन कितीतरी जास्त भरलं. तातडीची सभा बसली. काहीतरी काढलं पाहिजे, यावर लगेच सर्वसहमती झाली. काय काढायचं, यावर झाली नाही. प्रत्येक जण म्हणाला, दुसऱ्याचं काढा, माझी हरकत नाही. ज्याचं काढायचं त्याची हरकत होती. आमच्या पद्धतीत वस्तू आत घालायला सगळ्यांची संमती लागते आणि ती मिळते, कारण उद्या आपलीही घालायची असते. बाहेर काढायलाही सगळ्यांची संमती लागते, आणि ती ब्रह्मदेव आला तरी मिळत नाही.

तेव्हा दसरूभाऊंनी तोड काढली. "राशनचा काटा जास्त दाखवते," ते म्हणाले. "म्हणून त आपल्याले धान्य कमी भेटते. हरिदास शेठचा काटा घ्या. तो कमी दाखवते."

हरिदास शेठ आमचं धान विकत घेतात. त्यांचा काटा पोत्यामागे वजन खातो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या काट्याविरुद्ध आम्ही तहसीलदारांना निवेदनं दिली आहेत, ती मीच लिहिली आहेत, शेवटच्यात 'लुटारू' हा शब्दही घातला आहे. त्याच काट्यावर आम्ही बॅग नेली आणि काटा बरोबर तेवीसवर थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनं स्वतः चहा पाजला.

"अवो, पण तुमीच त म्हणता का हा काटा मारते," मयुरी म्हणाली.

"धान मोजताना मारते," गुणवंतरावांनी समजावलं. "बॅग का धान हाय?"

काट्याच्या अभिनंदनाचा ठराव त्याच जागी झाला.

निघायच्या दिवशी दोन गाड्या भरून आम्ही नागपूरला गेलो. दसरूभाऊ गावातच थांबले, मागे सभा सांभाळायला कोणीतरी पाहिजे म्हणून. एप्रिलचं ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. आणि त्या उन्हात चंदाबाई मयुरीचा तो नामंजूर काळा कोट घालून, वरून पदर घेऊन बसली होती. भद्रावती येईस्तोवर ती घामानं निथळत होती.

"काऊन वं, कोट काऊन घातला?" नीलाबाईनं विचारलं.

"थंडी वाजून राह्यली," चंदाबाई म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली. ताप असावा, असं मी समजलो.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली आणि पाहून म्हणाली, "आठ किलो जास्त आहे."

"मॅडम, तुमचा काटा तपासा," गुणवंतराव म्हणाले. "आमच्या शेठच्या काट्यावर बरोबर होती."

"कोणते शेठ?"

"हरिदास शेठ. धानवाले."

मुलगी बिचारी शांत होती. जादा पैसे भरा किंवा सामान काढा, काउंटर थोड्या वेळात बंद होईल, असं तिनं सांगितलं. पैसे भरण्याचा ठराव झालेला नव्हता, त्यामुळे तो मार्ग बंद. सामान काढण्याचाही ठराव नव्हता, आणि अर्धी सभा गावात होती. मी दसरूभाऊंना फोन लावला. ते नशिबानं ओट्यावरच उभे होते.

"लोकं त आता मोहफूल वेचाले गेले," ते म्हणाले. "सांजच्याला बसू. तवरिक विमानाले थांबाले सांगा."

मी विमानाला थांबायला सांगितलं. म्हणजे त्या मुलीला सांगितलं. तिनं मान हलवली. मयुरी एकदा घड्याळाकडे पाहत होती, एकदा आमच्या तोंडाकडे. तिचे डोळे भरून आले. एवढी वर्षं घासून मिळवलेली नोकरी एका वरवंट्यापायी हातची जात होती. खरं सांगतो, मलाही गलबलून आलं. पण सचिवानं गलबलून चालत नाही, म्हणून मी मार्ग सुचवला. बॅग मंजूर आहे, बॅगेला कोणाची हरकत नाही, अडचण फक्त वेळेची आहे. तर मयुरीनं आज जाऊ नये. रीतसर ठराव झाल्यावर पुढच्या एखाद्या विमानानं जावं.

"बरोबर हाय," एक जण म्हणाला. "पोट्टी काय, कधीबी जाईन. मोहफूल बॅगेतून काढलं त खराब होईन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुणवंतरावांनीसुद्धा डोलावली, जरा उशिरानं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत?"

"माही हाय," चंदाबाई म्हणाली.

ग्रामसभेत चंदाबाईनं आजवर हरकतीचा एक शब्द काढला नव्हता. तिनं पदर सारला, कोट काढला. आतली साडी घामानं अंगाला चिकटली होती. कोटाच्या खिशांत मोजे होते, पुस्तकं होती.

"अंगावरचं मोजत नाई ना वं माय?" तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"नाही, मावशी."

चंदाबाईनं तो ओला कोट मयुरीला घातला, वरपासून खालपर्यंत बटणं लावून दिली, जशी शाळेत पाठवताना लावत असेल. "जा आता," ती म्हणाली. "मांगं पाहू नको, नाईतर हे अजून एखादी सभा घेतीन." मयुरी आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पाया पडली, हातातली पिशवी उचलली आणि गेली. बॅग पट्ट्यावरून आमच्याकडे परत आली.

एका हरकतीनं ठराव पडला होता, त्यामुळे आम्ही काहीच करू शकत नव्हतो. गावी आल्यावर मयुरीच्या बेजबाबदार वर्तनाबद्दल नाराजी नोंदवली. त्यावर चंदाबाईची पुन्हा हरकत आली, म्हणून तीही खोडली.

काही दिवसांनी मयुरीचा फोन आला. आम्ही सगळे ओट्यावर जमलो, फोन स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, पोचली, कामावर हजर झाली, इथं अजून थंडी आहे, कोट कामाला आला. खोली लहान आहे. काम खूप आहे. मग म्हणाली, एकटीले करमत नाई.

"येशील कधी?" नीलाबाईनं विचारलं.

"दिवाळीले."

"येताना बॅग केवढी भेटते?" मी विचारलं.

"तेवीस किलोचीच, भाऊ."

जागच्या जागी सभा झाली. जे इथं मिळत नाही तेच आणायचं, हे तत्त्व मंजूर झालं. घड्याळ, अत्तर, चॉकलेट, दसरूभाऊंना एक बॅटरी, हरिदास शेठसाठी काहीतरी छोटंसं. सगळं वाटप चहा उकळायच्या आत उरकलं. इतकी सुरळीत सभा मी आजवर पाहिली नाही. चंदाबाई मागे उभी राहून काहीतरी विचारत होती. जेवलीस का, असं असावं. गलक्यात ते फोनपर्यंत पोचलं नाही, त्यामुळे तिची हरकत होती की नव्हती ते सांगता येत नाही.

तुम्ही आमच्या गावाला हसत आहात, हे मला इथून दिसतं. हसा. पण तुमच्याही घरचं कोणी ना कोणी तिकडं असेलच. मागच्या खेपेला त्याचा फोन आला तेव्हा तो कसा आहे हे तुम्ही आधी विचारलंत, की येताना काय आणायचं ते आधी सांगितलंत? आधी कसा आहे विचारलं असेल, तर तशी लेखी हरकत माझ्याकडे पाठवावी. न पाठवल्यास आपली संमती गृहीत धरण्यात येईल.