अर्धा तास तोंडात

"जबडा दुखला नाही, तर हाच रेग्युलेटर तुमचा," पणजीचा दुकानदार म्हणाला होता. "घरी न्या, अर्धा तास तोंडात धरा. मध्ये काढायचा नाही हं!"

वीज खात्यात चौतीस वर्षं नेमून दिलेलं काम चोख केलेल्या शिवदासने मान डोलावली. बायको कमलाक्षी गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून तो समुद्रात बुडी मारायला शिकला. पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, जोडीदार हवाच, हा तिथला नियम त्याला फार आवडला. खटकलं ते एवढंच, की भाड्याच्या रेग्युलेटरचं, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळीचं, रबरी तोंड काल दुसऱ्या कुणाच्या तोंडात असे. धुतलं म्हणून उष्टं थोडंच शुद्ध होतं? त्याने स्वतःचा घ्यायचं ठरवलं.

तर पार्से गावातल्या आपल्या घराच्या सोप्यावर, समोर घड्याळ ठेवून, कोरं रबर दातांत धरून तो बसला. नळी छातीवर लोंबत होती आणि श्वास नाकाने चालला होता. बारा मिनिटं झाली, तोच शेजारच्या सुलोचनावैनी आल्या.

"भावजी, काय झाला तुमका?"

शिवदासने हातानेच थांबायची खूण केली. अठरा मिनिटं बाकी होती.

"बोलूक जायना? देवा रे! प्रभावती, धाव गो! भावजींक नळी लायल्या!"

पलीकडच्या घरातली प्रभावती पेज घेऊन धावली. तिच्यामागून तिची लेक रेश्मा शहाळं घेऊन आली आणि मग अख्खं भजनी मंडळ. कुणी वारा घालू लागलं, कुणी तळपाय चोळू लागलं. अर्धा तास केव्हाच उलटला होता आणि शिवदासचा जबडा कानापर्यंत ठणकत होता. पण काढलं की सगळे उठून जाणार, हे त्याला कळत होतं. दोन वर्षांत या सोप्यावर इतकी माणसं बसली नव्हती. त्याने दात आणखी घट्ट रोवले.

तेवढ्यात रेश्माने दोह्याला गौरेशला व्हिडिओ कॉल लावला. बापाच्या मेसेजला महिनाभर नुसता अंगठा पाठवणारा लेक पहिल्याच रिंगला दिसला.

"बाबा! मी उद्याच येतंय!" गौरेशला रडू आवरेना.

ते मात्र शिवदासला बघवेना. त्याने फटकन रेग्युलेटर काढला.

"अरे, मी बरो आसंय. ह्या बुडी मारूचा सामान. जबड्यात बसता काय, ता बघी होतंय."

"बाबा, तुमी म्हंजे ना!" गौरेशने कॉल तोडला. भजनी मंडळ हसत हसत पायऱ्या उतरलं. प्रभावतीने पेजेवर झाकण ठेवलं आणि ती परत नेली. पाच मिनिटांत सोपा रिकामा झाला. शिवदासला जबड्यापेक्षा ते जास्त दुखलं.

सुलोचनावैनी तेवढ्या बसून होत्या.

"वैनी, उगीच लोकांक त्रास दिलंय. चूक माझी."

"तुमची कसली? नळीचा दुसरा टोक खंयच जोडूक ना, ता मी इलंय तेव्हाच बघितलंय."

शिवदास त्यांच्याकडे वळला. "मगे बोंब कित्याक मारल्यात?"

वैनींनी नळी गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवली.

"माझ्या घराकडे चतुर्थीपासून कोण येवूक ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या निमतान तरी चार माणसां बघूक मेळतली. तुमी आनी वायच दम धरूक होयो होतो."