अंडी आधी, निकाल नंतर

नासारेनो पेरुत्तीची शेवटची तोंडी परीक्षा 'टेक ऑफ' या एका इंग्रजी क्रियापदापाशी येऊन अडकली होती.

बाहेर कॉलेजच्या फाटकाशी त्याची आई, बायको मिर्ता आणि मेहुणा चिचो अंडी नि पिठाची पोती घेऊन दबा धरून होते. अर्जेंटिनातल्या या रोसारियो शहरात पदवी मिळाली की माणसाला हार घालत नाहीत, अंडी मारतात. नासारेनो एक्केचाळीस वर्षांचा. दिवसा खिळे विकायचे, संध्याकाळी इंग्रजी शिकायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. घरामागच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरची जागा निघाली होती आणि मुख्याध्यापिका एर्मेलिंदाबाईंनी ती त्याच्यासाठी आजच्या दिवसापुरती धरून ठेवली होती. पास झाला तर मास्तर, नाहीतर जन्मभर खिळे.

स्पॅनिशमध्ये विमान उडायला एक क्रियापद, कोट काढायला दुसरं, रजा घ्यायला तिसरं, किमतीत सूट द्यायला चौथं. इंग्रजांनी या सगळ्या कामांना एकच गडी ठेवलाय. नासारेनोने एवढे अर्थ धडाधड सांगितले आणि मग त्याची गाडी रुतली.

"अजून एक आहे," प्राध्यापिका ओयार्साबाल म्हणाल्या. "रोजच्या बोलण्यातला. जा, जरा हवा खाऊन या. तोवर मी माझा माते चहा पिऊन घेते."

नासारेनो हवा खायला फाटकाबाहेर आला. त्याचा चेहरा जन्मजात सुतकी. लग्नाच्या फोटोतही तो मयताला आल्यासारखा दिसे. त्यामुळे चेहऱ्यावरून निकाल ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"आला रे आला!" चिचो ओरडला आणि पहिलं अंडं कपाळावर फुटलं.

"अरे थांबा..."

"आता कसलं थांबायचं, दाजी! वर्षानुवर्षं थांबलोय आम्ही!" आणि पिठाचं अख्खं पोतं डोक्यावर रिकामं झालं. आईने, वय झालेलं असूनही, दोन अंडी नेम धरून मारली. मिर्ताने रिवाजाप्रमाणे कात्रीने त्याची एक बाही कापली.

नासारेनो आंधळ्यासारखा फाटकाकडे वळला. पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

"अंडी लागलेल्यांना आत प्रवेश नाही. फरशी कोण पुसणार, तुमचा बाप?"

"अहो, मी अजून पास झालेलो नाही!"

हे तो जरा मोठ्यानेच बोलला. मागच्या तिघांनी त्यातून 'नापास' एवढंच ऐकलं. चिचोने हातातलं अंडं हळूच खिशात ठेवलं. पहारेकऱ्यालाही गलबलून आलं. नापास होऊन वर अंडी खाल्लेला माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता. त्याने फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून त्याला आत सोडलं.

प्राध्यापिकांनी समोरच्या पांढऱ्या आकृतीकडे पाहिलं, पण शिष्टाचार म्हणून काही विचारलं नाही. "हं, बोला."

नासारेनो खिडकीबाहेर पाहत होता. आई, मिर्ता, चिचो खाली मान घालून टेम्पोत चढले आणि टेम्पो निघाला. त्याच्या तोंडून इंग्रजीत वाक्य सुटलं, "माझी माणसं मला न सांगता निघून गेली." क्रियापद आपसूकच 'टेक ऑफ' आलं.

"हाच तो अर्थ! पास!" प्राध्यापिका म्हणाल्या. "उदाहरण फार काळजातून आलं. बाहेर अंडी मारायला कुणी आलंय का?"

"येऊन गेले."

एकाही बसवाल्याने त्याला आत घेतलं नाही. तो चालत निघाला. वाटेत लोक "अभिनंदन!" म्हणत होते आणि तो दुखवटा स्वीकारावा तशी मान हलवत होता.

घरी भाजलेलं डुक्कर टेबलावर गार पडलं होतं. आई काळा झगा घालून बसली होती.

"आई, मी पास झालो."

"असू दे रे बाळा. नशीब."

"अगं, खरंच पास झालो!"

आईने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मग पंचाईत झाली. मी एर्मेलिंदाबाईंना फोन केला. बिचाऱ्यांनी जागा अडवून ठेवलेली, कळवायला नको?"

"नापास झाला म्हणून सांगितलंस?"

"छे! नापास म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, वारला."

"मी म्हणत होतो, नुसता आजारी सांगा," चिचो पुटपुटला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मिर्ता जागची हलेना, म्हणून नासारेनोच गेला. दारात एर्मेलिंदाबाई उभ्या होत्या, हातात पुष्पचक्र. समोर नखशिखांत पांढरा नासारेनो. एक बाही गायब, चेहरा नेहमीचाच. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"परीक्षेचं काय झालं होतं?"

"पास झालो, बाई."

"मग मार्चमध्ये रुजू व्हा," पुष्पचक्र त्याच्या हातात देत बाई म्हणाल्या. "आमच्या शिक्षकांत तुमच्याहून मेलेले लोक आहेत."